व्हायोला ऐकू येईपर्यंत

व्हायोला ऐकू यायला मला एक अख्खा हंगाम लागला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुरातला भाऊ. वाद्य समोरच होतं. स्ट्रिंग क्वार्टेटची चार माणसं, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि खर्जातला मोठा चेलो, अर्धवर्तुळात बसलेली, त्यातलं एक जण व्हायोला वाजवतंय हे डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं, पण कान पहिल्या व्हायोलिनवरून हलायला तयार नव्हते. पुण्यात वाढलेल्या माणसाचे कान असेच घडतात. गाणारा एक, बाकीचे त्याच्या मागे. तबला, पेटी, तंबोरे, सगळे त्या एका सुराच्या दिमतीला. त्यामुळे लंडनमध्ये स्ट्रिंग क्वार्टेट ऐकायला बसले की मी आपसूक मुख्य कलाकार शोधायचे, तो सापडला की त्याचा पदर धरून शेवटपर्यंत जायचे आणि उरलेल्या तिघांना साथीदार ठरवून मोकळी व्हायचे.

हे चालायचं विगमोर हॉलमध्ये. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, एकीकडे डॉक्टरांच्या पाट्या आणि दुसरीकडे महागड्या स्वयंपाकघरांची दुकानं, त्यांच्यामध्ये हे लांबट सभागृह आहे. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या. सप्टेंबरला हंगाम सुरू होतो तो जुलैपर्यंत, आणि वर्षाकाठी पाचशेहून जास्त मैफली होतात. बहुतेक क्वार्टेट, ट्रिओ, एकट्याचं पियानोवादन, नाहीतर एक गायक आणि एक पियानो. सोमवारी दुपारी एक वाजताची मैफल बीबीसी रेडिओ ३ वरून थेट जाते. रविवारी सकाळी साडेअकराला आणखी एक असते, तिच्यानंतर तिकिटातच कॉफी किंवा छोटा पेला शेरी मिळते. रविवारच्या गर्दीचं सरासरी वय पाहिलं तर शेरी का ते कळतं. पस्तिशीच्या आतल्यांना पाच पौंडांत तिकीट देण्याची योजनाही त्या सरासरीकडे बघूनच निघाली असणार.

वाजवणाऱ्यासमोर माइक असतो तो रेडिओसाठी. सभागृहात आवाज येतो तो लाकडाचा आणि तारेचा, मध्ये स्पीकर नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हल्ली पुण्यात चाळीस माणसांच्या घरगुती बैठकीतसुद्धा ध्वनिक्षेपक लावतात आणि तंबोऱ्याचा आवाज खिडकीशेजारच्या डब्यातून येतो, याचा मला मनापासून राग आहे.

हा हॉल बांधला बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने, आपल्या दुकानाला लागून. गिऱ्हाइकाने पियानो बघावा आणि शेजारी थोर लोक तो कसा वाजवतात ते ऐकावं, असा सरळ व्यापारी हिशोब. ३१ मे १९०१ ला उद्घाटनाला पियानोवर बुसोनी होता आणि व्हायोलिनवर इझाई. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन मालकी नकोशी झाली. १९१६ मध्ये जप्तीतली सगळी मालमत्ता, म्हणजे हॉल, सरावाच्या खोल्या, शंभराहून अधिक पियानो, लिलावात डेबनहॅम्स या कापडवाल्यांनी ५६,५०० पौंडांना उचलली. एकट्या इमारतीलाच लाखभर पौंड लागले होते. १९१७ मध्ये रस्त्याचं नाव लावून ती पुन्हा उघडली आणि पियानोवाल्याचं नाव गेलं.

रंगमंचावर अर्धघुमट आहे, त्यावर चित्र. मधोमध संगीताचा आत्मा उभा, वर तेजाचा गोळा, त्याचे किरण, आणि दोघांच्यामध्ये काट्यांची गुंतागुंत. जेराल्ड मॉइराच्या संकल्पनेतून ते झालं. सुंदर आहे की भडक, यावर माझं मत दर महिन्याला बदलतं. एवढं खरं की अनेक आधुनिक रचनांच्या वेळी मी त्या काट्यांचा खूप बारकाईने अभ्यास केला आहे.

सुरुवातीला सगळ्यात जड गेली ती शांतता. रचनेचे चार भाग असतात, आणि पहिला भाग कितीही रंगला तरी टाळी वाजवायची नाही. त्याऐवजी लोक खोकतात. दहा-बारा मिनिटं दाबून धरलेला खोकला दोन भागांच्या मधल्या फटीत एकदम सुटतो, कलाकार गज खाली धरून वाट बघतात, मग पुन्हा चिडीचूप. गाण्याच्या मैफलीत कवितांची पुस्तिका देतात, आणि पान उलटायचं ते गाणं आणि साथ दोन्ही संपल्यावरच, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. आपल्याकडे समेवर येणाऱ्या गवयाला ऐकणाऱ्याची मान लागते. इथे मान हलवली तर मागचा अस्वस्थ होतो. ही शिस्त फार जुनी आहे असंही नाही. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेलं पत्र आहे. आपल्या सिंफनीत एक जागा लोकांना आवडणार हे आधीच ठाऊक होतं, आणि ती येताच लोकांनी मध्येच टाळ्यांचा कडकडाट केला, असं तो खूश होऊन कळवतो. तेव्हा 'वा' घशाशी अडकली की मी मनात मोझार्टचा दाखला देते आणि गप्प बसते.

माझ्या ऑफिसात एक बाई आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी ती हौशी मंडळींबरोबर क्वार्टेट वाजवते, आणि वाजवते व्हायोला. व्हायोलावाल्यांवर ऑर्केस्ट्रातले लोक विनोद करतात ते सगळे तिला पाठ आहेत, आणि ती ते स्वतःच सांगते. व्हायोलिन चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं? व्हायोलाच्या खोक्यात ठेवावं. मला क्वार्टेटमध्ये तिचं वाद्य ऐकूच येत नाही, हे मी भीतभीत सांगितल्यावर तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "येणार नाहीच. ते चुकीच्या मापाचं वाद्य आहे."

मग तिने मापाचं गणित सांगितलं. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पाच सुरांनी खाली लागतो, म्हणजे व्हायोलिनचा सा धरला तर त्याच्या खालच्या मपर्यंत. त्या खालच्या सुराला न्याय द्यायचा तर लाकडी अंग व्हायोलिनच्या दीडपट हवं. व्हायोलिनचं अंग साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर, म्हणजे व्हायोलाचं त्रेपन्नच्या आसपास व्हायला हवं. एवढं धूड हनुवटीखाली धरून डाव्या हाताची बोटं शेवटपर्यंत पोचवणार कोण? म्हणून कारागिरांनी अडतीस ते त्रेचाळीसच्या मध्ये कुठेतरी तडजोड केली, आणि तीही प्रत्येकाने आपापली. व्हायोलाला आजही एक ठरलेलं माप नाही. खालच्या सुरांना अंग पुरत नाही, त्यातून तो घोगरा, किंचित नाकातला, पडद्याआडून आल्यासारखा आवाज येतो. मला ते ऐकताना सारंगीची आठवण झाली, पण ते बोलले नाही. सारंगी काय ते तिला सांगायला जेवणाची सुट्टी पुरली नसती.

"पहिल्या व्हायोलिनकडे बघू नकोस," एवढाच सल्ला तिने दिला. "डोळे व्हायोलावर ठेव. कान मागून येतील."

पहिल्यांदा ते जमलं ते मोझार्टच्या के. ४६५ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) या क्वार्टेटला. जानेवारी १७८५ मध्ये पूर्ण झालेली ही रचना, ज्येष्ठ रचनाकार हायडनला अर्पण केलेल्या सहांपैकी शेवटची. हिला 'विसंवादी' म्हणतात ते पहिल्या बावीस बारांमुळे, म्हणजे तालाच्या छोट्या घरांमुळे. तिथे काय होतं ते आपल्या भाषेत सांगणं सोपं आहे. खाली चेलो षड्ज धरतो, तोच तो, ठोके दिल्यासारखा. त्यावर व्हायोला येतो तो कोमल धैवतावर. मग दुसरं व्हायोलिन कोमल गंधारावर. इथवर कान एका थाटात बसायला लागतात. आणि मग पहिलं व्हायोलिन वरून उतरतं ते शुद्ध धैवतावर! व्हायोलाचा कोमल धैवत अजून कानातून गेलेलाही नसतो. आपल्याकडे गवयाने असं केलं तर पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघतील. तोवर मला ती सुरुवात नुसती 'विचित्र' वाटायची, कारण मी फक्त वरचा शुद्ध धैवत ऐकत होते आणि एकटा ऐकला तर त्यात विचित्र काहीच नाही. भांडण आहे ते व्हायोलाशी. व्हायोला ऐकला नाही तर भांडणच कळत नाही.

हा मोझार्ट स्वतः व्हिएन्नात मित्रांबरोबर बसला की व्हायोला घ्यायचा. १७८४ च्या सुमाराच्या अशा एका बैठकीची हकीगत मायकल केली या आयरिश गायकाने लिहून ठेवली आहे. पहिल्या व्हायोलिनवर हायडन, दुसऱ्यावर डिटर्सडॉर्फ, व्हायोलावर मोझार्ट, चेलोवर वानहाल. चौघेही रचनाकार. केलीचा शेरा असा की वादन ठीकठाकच होतं, चौघांपैकी एकही आपल्या वाद्यात खास नव्हता. हे वाचून मला फार बरं वाटलं. पुढे मोझार्टने क्विंटेट लिहिली तेव्हा पाचवं वाद्य म्हणून त्याने आणखी एक व्हायोलाच घातला. मध्ये बसून चहूकडचं ऐकणाऱ्याला आणखी एक सोबती हवासा वाटला असेल, असा माझा आपला तर्क.

शूबर्टने मात्र पाचवं वाद्य म्हणून दुसरा चेलो घेतला. सी मेजर क्विंटेट, १८२८, त्याच्या आयुष्याचं शेवटचं वर्ष. नोव्हेंबरात तो गेला, वय एकतीस. रचना लोकांपुढे वाजली १८५० मध्ये आणि छापली गेली १८५३ मध्ये, म्हणजे त्याने ती सभेत कधी ऐकलीच नाही. तिच्या दुसऱ्या, अतिविलंबित भागात माझ्यासारख्या श्रोत्याची खरी परीक्षा होते. मुख्य धून कुठे आहे? वर पहिलं व्हायोलिन आहे, पण ते तुटक तुटक काहीतरी बोलतं आणि थांबतं. खाली दुसरा चेलो नुसत्या बोटाने तार छेडतोय. आणि मधले तिघे, दुसरं व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो, एक इतकी लांब, इतकी संथ ओळ धरून बसलेत की ती पुढे सरकते आहे हेही उशिरा कळतं. वरच्याचा पदर धरून चालणारा इथे हरवतोच. वरचा फक्त हुंकार देणारा आहे, गाणं मधल्यांचं आहे. विलंबित एकतालात वाढलेल्या माणसाला मात्र तो संथपणा परका वाटत नाही, एवढी आपली पुंजी तिथे कामाला आली. आणि शेवटच्या भागाचा शेवट! सगळे मिळून जोरात सा लावतात, पण त्याच्या आधी कोमल रिषभाचा कण देऊन. भैरवीत ऐकावा तसा. आईला फोनवर मी ते गाऊन दाखवलं, तर ती म्हणाली, "मग त्यात नवल काय? शेवटी भैरवीच असते."

याच हॉलमध्ये १० जानेवारी १९४८ ला अमाडेउस क्वार्टेटची पहिली मैफल झाली. चौघांपैकी ब्रायनिन, निसेल आणि शिडलॉफ हे तिघे व्हिएन्नाहून नाझींच्या तावडीतून सुटून इंग्लंडला आलेले ज्यू तरुण. इंग्लंडने त्यांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून छावण्यांत डांबलं, आणि त्या छावण्यांतच त्यांच्या ओळखी झाल्या. तिघेही व्हायोलिनवाले. क्वार्टेट करायचं तर कुणीतरी व्हायोला घ्यायला हवा होता, तो पेटर शिडलॉफने घेतला. चेलोवर मार्टिन लव्हेट हा इंग्रज. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं हेच चौघे, एकही बदल नाही. १९८७ मध्ये शिडलॉफ गेला आणि उरलेल्या तिघांनी क्वार्टेट बंद केलं. त्याच्या जागी दुसरा माणूस घेऊन चालवता आलं असतं, अनेकांनी चालवलं आहे. यांनी नाही चालवलं. शत्रूचा म्हणून जप्त झालेल्या हॉलमध्ये शत्रू म्हणून डांबलेल्या मुलांनी सुरुवात केली, हा योगायोग तिथे कुणी पाटीवर लिहिलेला मी तरी पाहिला नाही.

एकल वादनाच्या मैफलींचं काय, तर त्या मला आधी सोप्या वाटायच्या. एक माणूस, एक वाद्य. हे आपल्या ओळखीचं. पियानोवादक लिस्टने जून १८४० मध्ये हॅनोव्हर स्क्वेअरला एकट्याने पियानो वाजवण्याचे कार्यक्रम केले तेव्हा लंडनला ते नवीन होतं. ती जागा विगमोर हॉलपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण मधले आवाज ऐकायची सवय लागल्यावर एकट्याचं वादन सोपं राहिलं नाही. बाखच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातात अशा रचनेत, दोन हातांत तीन किंवा चार आवाज असतात, आणि मधला आवाज कधी उजव्या अंगठ्याकडे असतो, कधी डाव्या. चांगला वादक तो अंगठा ऐकवतो. काही नामवंत मंडळी नुसती करंगळी ऐकवतात, हे आता माझ्या लक्षात यायला लागलंय आणि तिकिटाचे पैसे डोळ्यांसमोर येतात. व्हायोलिनवर तर बाखने चारच तारा असूनही अनेक आवाजांचा आभास केला. सगळे सूर एकदम वाजवता येतच नाहीत, एक सोडून दुसरा धरावा लागतो, आणि सुटलेला सूर ऐकणाऱ्याने आपल्या कानात चालू ठेवायचा.

टाळेबंदीत हॉल बंद होता तेव्हा १ जून २०२० पासून तिथून श्रोत्यांविना मैफली सुरू झाल्या, रेडिओवर आणि इंटरनेटवर. पहिल्या दिवशी स्टीव्हन हफने पियानोवर बाखची शाकॉन वाजवली. मूळ व्हायोलिनची, पियानोसाठी मांडणी बुसोनीची. म्हणजे १९०१ मध्ये याच मंचाचं उद्घाटन करणाऱ्याची, आणि तारीख जवळजवळ तीच. इथे दुपारचा एक, पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. आईने टॅबवर लावलं होतं. रिकाम्या खुर्च्यांबद्दल ती काही बोलली नाही. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. "अगं, ते खाली तेच तेच फिरून येतंय ना गं? आपल्या लेहऱ्यासारखं?" अगदी तसंच आहे. शाकॉन म्हणजे खाली फिरत राहणारं एक छोटं आवर्तन आणि त्यावर रचत गेलेला विस्तार. तबल्याच्या एकल वादनात पेटी लेहरा धरते तेव्हा आपण तबला ऐकतो आणि लेहरा नुसता जाणवत असतो. आईने मात्र आयुष्यभर लेहराही ऐकला होता, असं दिसतं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर मला एक शंका यायला लागली, आणि तीच मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची वाटते. हे मधले आवाज आपण खरंच कधी ऐकले नव्हते का? लहानपणी घरात रेडिओ चालू असायचा. पन्नास-साठच्या दशकांतली हिंदी गाणी. लताबाईंचा आवाज पुढे, आणि मागे व्हायोलिनांचा ताफा त्या चालीच्या उलट्या दिशेने दुसरीच ओळ वाजवतोय. ती ओळ बसवायचे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संगीतकार. चर्चच्या शाळेत लहानपणापासून सुरावटी वाचायला शिकलेली ही मुलं मुंबईत आली, आणि दिवसा फिल्मी गाणी, तर संधी मिळेल तेव्हा बेथोव्हन वाजवत राहिली. गोन्साल्विस मजोर्ड्याचे, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागची कितीतरी व्हायोलिनं डिसोझांनी मांडलेली. त्याआधी १९३५ मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही चालवलं. पुढे ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले आणि मग फिलाडेल्फियाला कर्टिस क्वार्टेटमध्ये. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहतांच्या कानावर घरातच या तालमी पडल्या.

म्हणजे माझ्या कानांना मधली ओळ सवयीची होती, फक्त तिच्याकडे बघायची सवय नव्हती. श्रेयनामावलीत ती नावं यायची नाहीत, आली तर शेवटी. आता ती जुनी गाणी लावली की मी चाल सोडून मागची व्हायोलिनं ऐकत बसते, आणि मुलगी वैतागते. तिला शब्द ऐकायचे असतात.

केसरबाई केरकर आणि बेथोव्हन एका तबकडीवर आहेत हे आता अनेकांना माहीत आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेली सोनेरी तबकडी. तिच्या शेवटाकडे केसरबाईंची भैरवी आहे, मग ब्लाइंड विली जॉन्सन, आणि अगदी शेवटी बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेला बेथोव्हनच्या ओपस १३० मधला कॅव्हाटिना हा भाग. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ही माहिती मराठी लोक एकमेकांना अभिमानाने पाठवतात, मीही पाठवली आहे. पण कॅव्हाटिना त्यातल्या किती जणांनी ऐकला असेल कोण जाणे. त्याची सुरुवात पहिलं व्हायोलिन करत नाही. आधी दुसरं व्हायोलिन चालायला लागतं, आणि पहिलं मागून येऊन सामील होतं.

हे मी माझ्या व्हायोलावाल्या मैत्रिणीला कौतुकाने सांगायला गेले, तर ती म्हणाली, "बरं झालं. आता दुसरं व्हायोलिन ऐकायला लाग." ते म्हणे व्हायोलापेक्षा अवघड. व्हायोलाचा आवाज निदान वेगळा आहे. दुसऱ्या व्हायोलिनचं वाद्यही तेच, लागणंही तेच, बसतंही पहिल्याच्या मांडीला मांडी लावून. ते ऐकू येऊ लागायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. तिने खांदे उडवले. तिच्या क्वार्टेटमधला दुसरा व्हायोलिनवाला सोळा वर्षं वाजवतोय आणि तिच्या मते त्याच्या बायकोलाही तो अजून ऐकू येत नाही.

नव्या हंगामाचं पुस्तक गेल्या आठवड्यात पोस्टाने आलं. हायडन भरपूर आहे. त्याची एकूण अडुसष्ट क्वार्टेट, तेव्हा भरपूर असणारच. या वेळी मी डाव्या बाजूच्या, पुढच्या जागा मागितल्या आहेत.